त्या आठवड्यापुरतं उघडलेलं दार

शमीम,

काजलच्या खोकल्याचा आज चोविसावा दिवस. तुला जाऊन एकोणीस झाले. म्हणजे तू होतीस तेव्हाच तिचा खोकला सुरू झाला होता, आणि तू लावून दिलेल्या खोकल्याच्या वहीत तिच्या नावापुढे, दिवसाला एक, माझ्या हातच्या पाच रेघा होत्या. पाच रेघांना कुणी घाबरत नाही. थंडीत माझा निम्मा हॉल खोकतो.

पंधराव्या रेघेला तिला घेऊन गेवराईला गेले, बेडका तपासायला दिला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. टीबी. मी 'बरं' म्हणाले, वेळ लिहून घेतली, पुढची कामं लिहून काढली: गोळ्या, वेगळी खोली, बाकीच्या एकेचाळीस मुलींची तपासणी, आईला फोन. सगळं लिहून झाल्यावर पेनाचं टोपण लावायला गेले तर ते लागेना.

तुझ्या कॉलेजच्या अंकासाठी तुझ्या आठवणी लिहून द्या, असं तुझ्या विभागातली अर्चना म्हणाली. 'पानभर पुरे, ताई.' मी चार वेळा बसले. तुझा जन्म, शिक्षण, पदव्या बाकीचे लिहितीलच. मला जे लिहायचं आहे ते त्यांच्यापैकी कुणाला माहीत नाही. तुलाही नाही. किंवा असेल. तीच तर माझी भीती आहे.

तू नक्की काय करायचीस हे तालुक्यात कुणाला धड सांगता यायचं नाही. उमापूरकडच्या शाळांत तुला 'हवावाली मॅडम' म्हणायचे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी बाई दवाखान्याच्या बाकांखाली, वर्गात, वसतिगृहात झाकण काढून बशा मांडून ठेवते आणि भिंतीला एक डबी अडकवून जाते, एवढंच लोकांना दिसायचं. मला विचारलं की मी सांगायचे, बंद खोलीत माणसं एकमेकांचं काय काय श्वासातून घेतात ते ती मोजते. लोक हसायचे. हवा कुणी मोजतं का?

तुझं हे कुठून सुरू झालं ते मी पाहिलंय. सातवीत शाळा सुटली की आपण तुझ्या अब्बांच्या वर्कशॉपमध्ये बसायचो. ते ट्रॅक्टरचा एअर फिल्टर काढून फरशीवर आपटायचे आणि काळ्या मातीचा ढीग पडायचा. 'देख बेटी, ये नइ होता तो सब इंजन के पेट में जाता.' तू विचारलंस, 'और हमारा फिल्टर किधर है, अब्बा?' त्यांनी ग्रीसचं बोट तुझ्या नाकाला लावलं. नाकावर तो काळा ठिपका घेऊन तू पेठेतून घरी गेलीस, पुसला नाहीस. मी मात्र माझा फ्रॉक झटकत चालले होते. आपण दोघी पुढे काय होणार ते त्या दिवशीच ठरलं असावं.

तू शहरात गेलीस, तिथेच प्राध्यापक झालीस. मी इथेच राहिले. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलींसाठी हंगामी वसतिगृह आहे, त्याची अधीक्षिका झाले. दिवाळीनंतर आईबाप कारखान्यावर जातात, गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. तोवर मुली माझ्या. झोपायचा हॉल म्हणजे कापसाचं जुनं गोदाम. वर उंच पत्रे, पुढचं दार आणि तीन खिडक्या रस्त्याकडे, मागचं दार आणि तीन खिडक्या उसाच्या रानाकडे.

पहिल्यांदा तू आलीस ती नेमकी दिवेलागणीला. मी पुढच्या दारात दिवा लावला, मागचं दार ओढून कडी घातली. माझ्या आईनं जन्मभर तेच केलं. पुढून लक्ष्मी येते, ती मागून निघून जाऊ नये. तू आत आलीस, नाक वर केलंस आणि म्हणालीस, 'नंदे, कडी काढ.'

'दिवे लागलेत.'

'दिसतंय मला. हवेला यायला एक दार लागतं आणि जायला एक. तू तिला आत घेतेस आणि कोंडतेस.'

'आमच्यातली रीत आहे ती. तुला नाही कळायची.'

मी ते जरा लागेल असंच बोलले. तू रागावली नाहीस. खाटेवर बसलीस आणि म्हणालीस, 'आमची दादी मगरिबला, अशाच दिवेलागणीला, धाडधाड सगळ्या खिडक्या लावायची. का, तर सैतान आत येऊ नये म्हणून. तुमच्यात लक्ष्मी बाहेर जाऊ नये म्हणून, आमच्यात सैतान आत येऊ नये म्हणून. हवा दोन्ही घरांतली तीच, कोंडलेली.'

मुली हसल्या, मीही हसले. पण कडी काढली नाही. मुलींसमोर जे सांगता येत नव्हतं ते तुला बाहेर नेऊन सांगितलं. आदल्या हंगामात रस्त्याकडच्या खिडकीशी एक माणूस उभा राहिलेला मुलींनी पाहिला होता. वाळूची गाडी कडेला लावून उतरला होता. काही बोलला नाही, काही केलं नाही, नुसता आत बघत उभा होता. त्याच आठवड्यात कारखान्यावरून अकरा आयांचे फोन आले. काजलची आई सुनीता पुढच्या वर्षी कोयता बांधून निघाली तेव्हा आधी माझ्याकडे आली होती. 'मॅडम, आमी तिकडं. इतं पोरीला काय झालं तर आमाला चार दिवसांनी कळंल. खिडक्या तेवढ्या लावून घेत जा. बाकी काय मागनं न्हाई माजं.' मी तिला शब्द दिला. रस्त्याकडच्या तिन्ही खिडक्यांवर पत्रे ठोकले.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, 'तो माणूस दिसला म्हणून तू पत्रे ठोकलेस. मी ज्याच्याबद्दल बोलते तो दिसत नाही.'

'न दिसणाऱ्यासाठी दिसणाऱ्याला दार उघडू?'

आपलं हे भांडण कधी मिटलंच नाही. तू फक्त एवढं म्हणालीस की आधी मोजू, मग बोलू.

आता जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं.

गेल्या हिवाळ्यात तू मोजायला आलीस. आधी बशा मांडल्यास. दोन दिवसांनी त्या परत आणून मुलींना दाखवल्यास. पांढरे, पिवळे ठिपके, एका बशीत एक गुलाबी. काजल त्या गुलाबी ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, 'हा माजा हाय का, मॅडम?' तू म्हणालीस, 'कुणाचा एकीचा नाही. तू सोडलेला श्वास ही घेते, हिनं सोडलेला तू घेतेस. सगळ्यांचं सगळ्यांत.' मुली 'ईऽ' करून ओरडल्या. काजलनं गाल फुगवून श्वास रोखून धरला आणि लाल झाल्यावर सोडला. 'मंग मी सोडीतच न्हाई,' म्हणाली. सगळ्यांत जास्त तू हसलीस. मला नंतर समजावलंस की टीबीचा जंतू असल्या बशीत उगवत नाही, त्याला वेगळं खाद्य लागतं, कित्येक आठवडे लागतात. म्हणून खोलीत किती उष्टा श्वास साचलाय तेच मोजायचं. त्यासाठी ती डबी, श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारी. हिरवा दिवा म्हणजे आकडा हजाराच्या आत, हवा खेळती आहे, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे कोंडली. मधल्या खांबाला, निजलेल्या मुलींच्या उशाच्या उंचीवर बांधलीस. 'आठवडाभर राहू दे. रोज जसं राहता तसंच राहा. काही बदलू नकोस.'

शमीम, मी बदललं.

बावीस वर्षं मी तपासण्या काढल्यात. कुणी मोजायला येणार म्हटलं की माझे हात आपोआप चालू लागतात: चादरी बदला, संडास धुवा, फळा पुसा, मुलींचे केस विंचरा. डबी बांधून तू परतलीस त्याच संध्याकाळी मी रस्त्याकडचे दोन पत्रे काढवले. मागच्या तिन्ही खिडक्या उघडल्या. मागचं दार सताड उघडं ठेवलं आणि स्वयंपाकाच्या गयाबाईला नवऱ्यासकट तिथे राखणीला बसवलं. चौदा मुली शेजारच्या वर्गात झोपवल्या. तुला फसवायचं असं एकदाही मनात आलं नव्हतं. माझं वसतिगृह चांगलं दिसावं, एवढंच होतं. अभ्यासाला तपासणी समजले. आठवडा झाला, तुझा एक विद्यार्थी येऊन डबी उतरवून घेऊन गेला, मुली वर्गातून परत आल्या आणि पत्रे परत ठोकले.

पुढच्या महिन्यात तुझा फोन आला. 'नंदे, तुझा हॉल हिरवा. आठवडाभर हिरवा गं. मला वाटलंच नव्हतं.'

मी म्हणाले, 'मग? तुला काय वाटलं होतं?'

'छप्पर उंच आहे ना, त्यानं असणार. गरम हवा वर जात असेल, पत्र्यांच्या फटीतून निघत असेल.' तू स्वतःशीच बोलत होतीस, शोधणारं माणूस बोलतं तसं. माझ्या खोटेपणाला तू स्वतः कारण शोधून दिलंस, आणि मी ऐकत राहिले. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. मी तुला तिळाच्या वड्या मिळाल्या का ते विचारलं.

तुझ्या आकड्यांवरून कुठल्या इमारतींत आधी हवेची सोय करायची त्या दुरुस्तीच्या यादीतून आमचा हॉल गेला. याद्या मला कळतात. वरून एक नाव खाली गेलं की त्याच्यासारखी आणखी जातात. तलवाड्याकडच्या दोन इमारतींची छपरं आमच्यासारखीच उंच आहेत म्हणून त्या यादीच्या तळाला गेल्या. तिथेही मुलं झोपतात. ती किती आहेत, हे विचारायची मला आजवर हिंमत झालेली नाही.

तुझ्या जाण्याच्या दहा-बारा दिवस आधी आपण शेवटचं बोललो. तुझा आवाज थकलेला होता, डोकं दुखतंय म्हणालीस. मी चष्म्याचा नंबर तपास म्हणून सांगितलं. तोही सल्ला आता माझ्या मानेवर बसलाय. मग तू म्हणालीस, 'या थंडीत एकदा येते तुझ्याकडे. न सांगता येणार.'

'न सांगता आलीस तर चहा मिळायचा नाही.'

'नको चहा. मी पाहुणी म्हणून थोडीच येतेय.'

तू हसलीस. मला हसू आलं नाही. त्यानंतर डोक्यातली नस फुटून तू गेलीस, आणि ते वाक्य माझ्याकडे राहिलं. पाहुणी म्हणून नाही, तर कशासाठी येणार होतीस? तू ओळखलं होतंस का? ओळखून मला सांगायची संधी देत होतीस, की मी उगाच घाबरतेय? रोज दुपारी मुली शाळेत गेल्या की मी ते बोलणं पुन्हा आठवते, कधी असं लावते, कधी तसं. तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. रागाला तोंड देता येतं.

तुला नेलं त्या दिवशी मी तुझ्या घरी बायकांत बसले होते. एक खोली, तीसेक बायका, उदबत्त्यांचा धूर, दोन खिडक्या, दोन्ही बंद. कुणीतरी खोकलं. मी खिडक्या मोजत बसले, उठले नाही. शेवटी तुझी भावजय म्हणाली, 'आपा असती तर कवाच उघडली असती,' आणि उठून तिनं खिडकी उघडली. तोवर मी रडले नव्हते. थंड वारं आत आलं तेव्हा रडले.

आता काजल माझ्या खोलीत असते, दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या टाकून. गोळ्या सुरू होऊन सहा दिवस झाले. रोज मी समोर उभी राहून घ्यायला लावते. ती तोंडावर ओढणी दाबून खोकते आणि मी दारात आले की गाल फुगवून श्वास रोखते. मी सांगते, 'सोड गं. सोड श्वास.' ती मान हलवते. मी बाहेर गेले की सोडते. मला ऐकू येतं.

वही तू लावलीस म्हणून पंधराव्या दिवशी कळलं. नाहीतर साधा खोकला म्हणून ती पाडव्यापर्यंत त्या हॉलमध्येच निजली असती. हे मी रोज स्वतःला सांगते. तुझे उपकार मानायचे आणि तुझ्याच नजरेला घाबरायचं, दोन्ही एकाच वेळी चाललंय.

दवाखान्यातून कळलं त्या दिवशी मी सुनीताला फोन लावला. फडात होती. मागं कोयत्यांचा आवाज येत होता. मी नीट, क्रमानं सांगितलं: आजार काय, गोळ्या किती महिने, बरा होतो. ती म्हणाली, 'मॅडम, ह्ये तिला तितं लागलं का आमच्याकडूनच आलंय?'

'ते सांगता येत नाही, ताई.'

'खिडक्या लावीत होता न्हवं?'

'लावत होते,' मी म्हणाले.

'मंग ठीक हाय,' ती म्हणाली. तिला धीर आला होता. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघराच्या पायरीवर किती वेळ बसले कोण जाणे. गयाबाईनं पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. मुलींना बघू दे, शिकतील, म्हणून तू एक डबी इथेच ठेवून गेली होतीस. मुलींना ती कधी दिसली नाही. मी टॉवेलात गुंडाळून चादरींच्या मागे ठेवली होती. ती काढली, चार्ज केली, मधल्या खांबाला बांधली. काही बदललं नाही. पत्रे जागच्या जागी, दिवेलागणीला मागच्या दाराला कडी, एकेचाळीस मुली आत अभ्यासाला. वह्या उघडून होईतो दिवा पिवळा झाला. ताटं वाढायच्या आत लाल. सकाळी आकडा पाहिला, चार आकडी होता, आणि त्यातला पहिला आकडा एक नव्हता. मुली अजून उठायच्या होत्या. त्या झोपेत श्वास घेत होत्या आणि मी खांबाला टेकून ऐकत होते. एकेचाळीस जणींचा श्वास एकत्र ऐकायला येतो, शमीम. मला तो आवाज आवडायचा.

मग अर्चनाला फोन केला. 'गेल्या हिवाळ्यातले माझ्या हॉलचे आकडे खरे नाहीत. मी खिडक्या उघडल्या होत्या. मुलीही कमी केल्या होत्या.'

ती म्हणाली, 'मॅडम प्रत्येक व्याख्यानात तुमच्या हॉलचा फोटो दाखवायच्या.'

'माहीत आहे. मला पाठवला होता.'

'त्या आकड्यांवर आणखी काही गोष्टी ठरल्यात, ताई. चूक मॅडमच्या नावावर येईल.'

'माझ्या नावावर घ्या. कोणी, कधी, काय उघडलं ते सगळं लिहून देते. आणि तलवाड्याकडच्या दोन इमारती आधी वर घ्या. आजच.' ती हो म्हणाली, थोड्या कोरड्या आवाजात. तेवढं चालेल. तुझ्या कामाला माझ्यामुळे डाग लागला. तो पुसायला तू नाहीस, म्हणून तो माझ्याच हातांनी दाखवायचा, हे मी ठरवलंय. म्हणून हे पान असं लिहितेय. अर्चनाला छापावंसं वाटलं नाही तरी सही करून देणार आहे.

काल सुनीताला पुन्हा फोन लावला. या वेळी क्रमानं काही सांगितलं नाही. म्हणाले, 'ताई, मी खिडक्या लावायचे त्यानंच हवा कोंडायची. त्यातच हे पसरतं. आता उघडणार आहे. मागचं दारसुद्धा.'

'आन् त्यो पुन्हा आला मंजी?'

'भीती मलाही वाटते.'

'मंग कावून उघडता?'

तुझ्यासारखं सांगायचा प्रयत्न केला. तो माणूस दिसला होता, हे दिसत नाही, असं काहीतरी. मला ते तुझ्याइतकं नीट जमलं नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, 'उघडा. पर दारात तुमी निजायचं, मॅडम. बाज आडवी टाकून. दुसऱ्या कोनाला न्हाई बशिवायचं.'

'मीच निजेन.'

'शब्द द्या.'

तिला मी दुसऱ्यांदा शब्द दिला. पहिला पाळला त्याचं काय झालं ते दोघींनाही माहीत होतं.

उद्या दोन मुलींचे एक्स-रे आहेत. वहीत एकीच्या नावापुढे नऊ रेघा, दुसरीच्या पुढे अकरा. त्या दोघींच्या खाटा काजलच्या दोन बाजूंना होत्या. त्यापुढचं मला आज लिहिता येत नाही.

आत्ता दिवेलागण झाली आहे. पुढच्या दारात दिवा लावला. गयाबाई सवयीनं मागची कडी घालायला गेली. मी म्हणाले, 'राहू द्या.'

'दिवा लागलाय, बाई.'

'असू द्या.'

ती माझ्याकडे बघत राहिली, मग पदर डोक्यावर घेऊन बाजूला झाली. मागच्या दारात बाज आडवी टाकली आहे आणि तिच्यावर बसून हे लिहितेय. पाठीला उसाचं रान आहे. पातं हललं की मी वळून बघते. दर ओळीला एकदा तरी बघितलं असेल. रस्त्याकडचे पत्रे काढलेत, तिथे उद्या बारीक जाळी बसेल. आज नुसते गज आहेत. मुली स्वेटर घालून, गोधड्या पांघरून अभ्यासाला बसल्यात. थंडी वाजते म्हणून कुरकुर चालू आहे.

डबी मधल्या खांबाला आहे, उशाच्या उंचीवर, तू बांधली होतीस त्याच खिळ्याला. दिवा पिवळा आहे. अजून हिरवा झालेला नाही. मी ती दाराकडे सरकवलेली नाही.